सुमनच्या हाताचा रंग

रंगभूषाकार लिहिणार म्हटलं की लोकांची एकच अपेक्षा असते, कोणता नट जवळून कसा दिसतो ते सांगा. कोणाला टक्कल होतं, कोण खुर्चीत बसल्याबसल्या घोरायचं, कोणाला आरशात स्वतःशीच बोलायची सवय होती. संपादकांनीही फोनवर हसत हसत तेच सुचवलं. मी हो म्हटलं आणि कागद घेऊन बसलो, तर नट काही समोर येईनात. आली ती साक्री तालुक्यातल्या एका गावातली बाई, जिच्या चेहऱ्याला मी कधी बोटभर रंगही लावला नाही. तेव्हा तिच्याबद्दलच लिहितो. संपादकांना नट हवे असतील तर त्यांनी दुसरा माणूस बघावा.

आधी धंद्याचं थोडं सांगतो. मी मूळचा नशिराबादचा. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे रंगात रंग मिसळणं मी घरातच शिकलो. शाळेच्या गॅदरिंगला एकदा औरंगजेबाची दाढी कोणाला चिकटवता येईना, ती मी चिकटवली, आणि तिथून पुढे चाळीस वर्षं लोकांच्या तोंडाला रंग लावण्यातच गेली. लग्नानंतर धुळ्याला आलो. नाटकांच्या स्पर्धा, कॉलेजची गॅदरिंगं, नवऱ्या, आणि अलीकडे अहिराणी गाण्यांचे अल्बम, काय म्हणाल ते केलं. नाव युनूस, पण सगळे चाचाच म्हणतात. आता हात थरथरतो म्हणून काम बंद आहे. डोळे अजून शाबूत आहेत.

बाहेरच्यांना वाटतं, रंगभूषा म्हणजे माणसाला सुंदर करणं. आमच्याकडे सुंदरचा अर्थ एकच, दोन नंबर उजळ. बेस रंगाच्या डब्यांवर नंबर असतात, आणि मुलींच्या आयांना ते नंबर कसे कोण जाणे, पण पाठ असतात. जळगावला एका नवरीची आई माझ्या डोक्यावर उभी राहून सारखी म्हणत होती, "चाचा, अजून एक हात फिरवा." मी फिरवत गेलो. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, बी.एस्सी. झालेली. आई पाणी आणायला गेली तेव्हा तिने आरशातूनच मला विचारलं, "चाचा, उद्या सकाळी मला तोंड धुवायचंच आहे ना?" मी स्पंज फिरवत राहिलो. बोलायचं माझं काम नव्हतं, असं मी तेव्हा समजत होतो. पुढेही बराच काळ तेच समजत राहिलो.

आमच्या पेटीची एक रीत होती. दोन डबे असत. एकात कलाकारांचे स्पंज, प्रत्येकाचा वेगळा, धुवून वाळवलेला. दुसऱ्या डब्यात मॉबचा स्पंज. मॉब म्हणजे गर्दीतली माणसं, गावकरी, शिपाई, बाजारातल्या बाया. पन्नास माणसांना एकच स्पंज आणि एकच वाटी पाणी. ही रीत मी माझ्या उस्तादांकडून घेतली आणि त्यांनी त्यांच्या उस्तादांकडून. तिच्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

काही वर्षांपूर्वी निखिल माझ्याकडे आला. पोरगा धुळ्याचाच, पुण्यात सिनेमा शिकून आलेला, तिशीचा, दाढीवाला, भाबडा. त्याने एका चित्रपटाची गोष्ट लिहिली होती. एका गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायला एका भिल्ल बाईची नेमणूक होते. गाव म्हणतं, तिच्या हातचं आमची पोरं खाणार नाहीत. रोज ती शिजवते आणि रोज भांडं भरलेलं राहतं. शेवटी एक दिवस पोरंच आईबापांचं न ऐकता पंगत धरून बसतात आणि तिच्या हातचं खातात. गोष्ट वाचून दाखवताना निखिलचा आवाज भरून आला. गोष्ट मलाही लागली, खोटं कशाला सांगू. मी त्याला म्हटलं, पैशाचं बघू नको, मी येतो.

नायिका पुण्याहून आणली होती. चांगली नटी, कामाला वाघीण, पण रंगाने अशी गोरी की उन्हात डोळे दिपावेत. तिला भिल्ल बाई करायचं काम माझ्याकडे. भिल्ल बाईचं काम करायला भिल्ल बाईच का नाही, हे मी विचारलं नाही. निर्मात्याला नाव हवं होतं, आणि मला काम अवघड म्हणून आवडलं होतं.

अवघड का, तेही सांगतो. सावळा माणूस गोरा करणं सोपं असतं, वर थर चढवत जायचं. गोऱ्या माणसाला काळं करणं म्हणजे परीक्षा. नवशिके सरळ काळपट तपकिरी फासतात आणि माणूस बूट पॉलिश केल्यासारखा दिसतो. खरी काळी कातडी काळी नसतेच. तिच्यात तांबडं असतं, पिवळं असतं, गालाच्या हाडावर जांभळट झाक असते. बोटांच्या पेरांवर ती गडद होते आणि तळव्याकडे जाता जाता उजळते. हे डोक्यातून काढता येत नाही, समोर माणूस लागतो. मी निखिलला म्हटलं, मला नमुना दे.

गावात आमची सगळी व्यवस्था नानांनी केली होती. नाना म्हणजे गावातलं वजनदार माणूस, धोतर, पांढरी टोपी, बोलणं मऊ. उन्हाळ्याच्या सुटीत शाळा त्यांनीच मिळवून दिली, युनिटला जेवण त्यांच्याच घरून यायचं, कळण्याची भाकरी आणि खुड्याची चटणी. मला ते आग्रहाने वाढत. एवढं सांगतो कारण पुढे जे सांगायचंय त्यावरून कोणी त्यांना दुष्ट समजू नये. नानांनी भिलाटीत, म्हणजे ओढ्यापलीकडच्या भिल्लांच्या वस्तीत, निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सुमन आली.

तिशी ओलांडलेली, सडपातळ, डोक्यावर पदर, हसताना तोंडावर हात. तिचं काम रोज सकाळी दीड तास नायिकेच्या शेजारी खुर्चीवर बसायचं आणि उजवा हात टेबलावर ठेवायचा. मी तिच्या हाताकडे बघत नायिकेच्या चेहऱ्याला रंग देत असे. पहिल्या दिवशी ती खुर्चीवर बसेना, खाली बसली. दोनदा सांगितल्यावर बसली, तीही काठावर.

त्याच दिवशी माझ्या हातून कलाकारांचा स्पंज खाली पडला. सुमनने तो चटकन उचलून माझ्यापुढे धरला. मी घेतला, मॉबच्या डब्यात टाकला आणि नवा काढला. हे करताना मी मनात म्हटलं, जमिनीवर पडला होता, स्वच्छता पाहिजे. पण आदल्याच दिवशी माझ्या मदतनिसाने असाच पडलेला स्पंज उचलून दिला होता, तेव्हा मी तो नुसता झटकून वापरला होता. सुमनने डबा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हात पुन्हा टेबलावर ठेवला. त्यानंतर पंधरा दिवसांत तिने माझ्या टेबलावरच्या एकाही वस्तूला हात लावला नाही.

आणि हे करणारा कोण, तर मी. तरुणपणी एका नाटक मंडळाच्या तालमी ज्यांच्या घरी चालत, तिथे खिडकीत माझा वेगळा ग्लास असायचा. चहा पिऊन तो मीच विसळून परत खिडकीत ठेवायचो. मंडळात माझ्याशी सगळे गोड बोलत, पण मला तो ग्लास अजून आठवतो, त्याच्या काठाला टवका गेला होता. ज्याला हे माहीत आहे त्याने तरी शहाणं व्हायला हवं होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुमन बोलती झाली. नायिका डोळे मिटून बसली होती. सुमनने मला हळूच विचारलं, "चाचा, हाई बाई इतली गोरी शे, तिले काळी कसाले करतस?"

मी म्हटलं, "गोष्टीतली बाई काळी आहे म्हणून."

"मंग मी शे ना आयतीच," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून हसली. नायिकेलाही हसू आलं. मीही हसलो. त्या वेळी ते हसण्यावारी गेलं.

गोष्ट काय आहे हे तिने विचारलं तेव्हा मी सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, "ती मीच शे." मला वाटलं, हाताच्या नमुन्याबद्दल बोलते आहे. तसं नव्हतं. ती खरोखरच त्या शाळेत खिचडी शिजवणारी होती, कागदावर. तीन वर्षांपूर्वी तिची नेमणूक झाली. सही ती करते, शिजवते मात्र गावातली दुसरी बाई. सुमन पाणी भरते, लाकडं फोडते आणि पोरं जेवून उठली की भांडी घासते. "चुल्हापाशी जावानं नही," ती म्हणाली. तिची मुलगी पूनम त्याच शाळेत तिसरीत होती, सुटीत मामाच्या गावी गेलेली.

मी धावत जाऊन निखिलला सांगितलं. त्याचे डोळे चमकले. "चाचा, म्हणजे आपण अगदी बरोबर जागी आलोय!" तो म्हणाला. मग त्याने सुमनला दहा प्रश्न विचारले, वहीत टिपून घेतले, दोन संवाद बदलले. सुमनचं काय करायचं हे त्यालाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

शेवटच्या आठवड्यात पंगतीचा प्रसंग होता. गावातली तीस-पस्तीस पोरं रांगेत बसवली होती. खिचडी खरी होती, नानांच्या घरून शिजून आलेली. पहिल्या दिवशी नायिकेने वाढली, पोरांनी मिटक्या मारत खाल्ली, आयाबाप कठड्याला टेकून कौतुकाने बघत होते. एकाने मला म्हटलंही, "काय रंग लावा चाचा, अस्सल भिलीन दिखस!" मला तेव्हा अभिमान वाटला.

त्याच संध्याकाळी नायिकेचा चेहरा सुजला. मे महिन्याचं ऊन, घाम आणि त्याखाली दोन थर गडद रंग. चूक माझी. चेहऱ्याला दर तासाने मोकळं करायला हवं होतं, ते घाईत राहिलं. तिला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांनी चार दिवस रंग बंद सांगितला. चेहऱ्याचं काम झालेलं होतं. उरले होते नुसत्या हातांचे शॉट, पळी भांड्यात बुडते, खिचडी ताटात पडते, पोराचं बोट हाताला लागतं. शाळा आमच्याकडे आणखी एकच दिवस होती.

निखिल म्हणाला, "हातच हवेत ना? सुमनचे घेऊ. रंगसुद्धा लावायला नको."

सुमनला सांगितलं तेव्हा ती एकदम उठून उभी राहिली. मग बाहेर जाऊन कोणाचा तरी फोन मागून तिने मामाच्या गावी लावला. शाळेच्या व्हरांड्यातून तिचा आवाज येत होता. "पूनम, मना हात पिक्चरमा येनार शे. बठ्ठा पोरेसले मीच वाढसु. हा, मीच. मना हातनं." एवढं आनंदाने बोलताना मी तिला आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुवट पातळ नेसून आली. हात घासून घासून स्वच्छ केलेले. पोरं रांगेत बसली, सुमनने पळी हातात घेतली, आणि एक बाई पुढे येऊन आपल्या पोराचा दंड धरून त्याला उठवून घेऊन गेली. मग दुसरी आली. कोणी ओरडलं नाही, भांडलं नाही. पाच मिनिटांत सतरंजी रिकामी झाली. सुमन पळी हातात धरून तशीच वाकून उभी होती.

निखिल नानांकडे गेला, मी त्याच्या मागे. नाना शांतपणे म्हणाले, "आमनी काय ना नही भाऊ. सुमन चांगली बाई शे. पन पोरे तिना हातनं खातीन नही."

"नाना, हे शूटिंग आहे. खोटं असतं सगळं."

"शूटिंग खोटी ऱ्हास," नाना म्हणाले, "पन खिचडी त खरी शे ना."

निखिलने हात जोडले, गोष्ट सांगितली, कायदा सांगितला. नाना ऐकून घेत होते आणि मान हलवत होते. शेवटी त्यांनीच तोड काढली. आमच्या कपडेपटात धुळ्याची एक पोरगी होती, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "ह्या ताईना हातले रंग लाया. काल त्या बाईले लायेल व्हता ना, तसा." मग तिला जवळ बोलावून त्यांनी मायेने तिचं आडनाव विचारलं. तिने सांगितलं. नानांनी मान डोलावली.

निखिलने मला बाजूला घेतलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "चाचा, पिक्चर पुरा झाला तर हजार गावं बघतील. आज या एका गावाशी भांडलो तर डबाबंद होईल. तुम्ही हात मॅच करू शकाल?"

इथे मला थोडं थांबून सांगितलं पाहिजे. त्या युनिटमध्ये तो रंग जुळवू शकणारा माणूस मी एकटा होतो. मी नुसतं म्हटलं असतं, नाही जमणार, हात क्लोजअपमध्ये फसेल, तर निखिलला दुसरा मार्ग नव्हता. एक तर त्याला गावाशी भांडावं लागलं असतं, नाही तर तो प्रसंगच सोडावा लागला असता. कोणी माझ्यावर शंकाही घेतली नसती. पण मी जे उत्तर दिलं ते विचार करून दिलंच नाही, ते चाळीस वर्षांच्या सवयीने दिलं. मी म्हटलं, "का नाही जमणार?"

एका वर्गात टेबल लावलं. कपडेपटातली पोरगी एका बाजूला बसली, तिने कोपरापर्यंत दोन्ही हात पुढे केले. दुसऱ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट करून मी हाक मारली, "सुमन, जरा हात दे."

ती आली. मला वाटलं होतं, नाही म्हणेल. शिवी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती. तिने विचारलं, "कोनता देऊ?" आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली, "वाढाना हात उजवा ऱ्हास. उजवाच ल्या."

पाऊण तास तिचा हात टेबलावर होता. तो हात मी इतका जवळून बघितला, जितका माझ्या बायकोचाही बघितला नसेल. पेरांवरच्या रेघा बघितल्या, राखेने भांडी घासून झिजलेली नखं बघितली. मनगटाच्या वर अर्ध्या चंद्रासारखा भाजल्याचा डाग होता. शाळेचं गरम पातेलं उतरवताना भाजलं, ती म्हणाली. शिजवायचं नाही, पण उतरवायचं असायचं. निखिल दारातून म्हणाला, "चाचा, डागही घ्या, हात खरा वाटेल." मी डागही घेतला. कडा गडद, मध्ये गुलाबी, वरून किंचित चकाकी. असा डाग मी पुन्हा कधी करू शकलो नाही. काम संपलं तेव्हा दोन हात शेजारी शेजारी होते आणि कोणता खरा ते मला स्वतःला क्षणभर कळलं नाही. आणि मेहेरबानांनो, त्या क्षणी मी खूश झालो होतो.

सुमनने दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघितलं. "बराबर करं," तिने पावती दिली. मग पदर सावरून ती हापशावर गेली, कारण पंगतीनंतर भांडी घासायची होती. बाहेर पोरं सतरंजीवर परत बसली आणि पोटभर जेवली.

चित्रपट झाला, बरा चालला, एका महोत्सवात नावाजला गेला. मला रंगभूषेचं बक्षीस मिळालं. परीक्षकांपैकी एका बाईंनी त्या हातांचा खास उल्लेख केला, म्हणाल्या, त्या हातांत कष्ट दिसतात. मी टाळ्या घेतल्या, शाल घेतली, आणि घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती जेवणाचं ताट माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली.

वर्षाने निखिलने चित्रपट त्या गावात न्यायचं ठरवलं. शाळेच्याच मोठ्या खोलीत, दुपारी, खिडक्यांना सतरंज्या लावून. मला म्हणाला, चाचा, तुम्ही पाहिजेच. मी गेलो. पुढे गावातली मंडळी, नाना खुर्चीवर. दाराजवळ भिलाटीतली माणसं. माझे गुडघे दुखतात म्हणून मला मागे एक स्टूल दिलं होतं, आणि माझ्या पुढ्यातच सुमन बसली होती, मांडीला मांडी लावून पूनम. दोन वेण्या, चौथीत गेलेली. ती दर पाच मिनिटांनी विचारायची, "आते येई का तुना हात?" आणि सुमन म्हणायची, "देख गपचूप."

सुमनने तिला खरं काय ते सांगितलंच नव्हतं. वर्षभर सांगितलं नव्हतं.

पंगत आली. पडदाभर हात दिसला, पळी धरलेला. पूनम गुडघ्यांवर उभी राहिली. "माय! तुना हात! देख, तुना डाग!"

खोलीत काही लोक हसले. पुढून एक पोरगा वळून म्हणाला, "नही वं, तिना नही. ती धुळानी ताई व्हती. मी व्हतू ना तठे."

"मंग डाग?" पूनम म्हणाली. पोरगा पुन्हा पडद्याकडे वळला. पूनमने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी रंगवाला आहे हे तिला आईने सांगितलं होतं. "चाचा, तुम्हीन सांगा. मनी मायना हात शे ना?"

या वेळीही मी वेळ घेतला नाही. म्हटलं, "हो बेटा. तुझ्या आईचाच हात आहे."

मला वाटलं, एवढं तरी तिचं तिला परत देता येईल. पण माझा आवाज पुढेपर्यंत गेला. नानांची मान वळली. एका बाईने आपल्या पोराला जवळ ओढून विचारलं, "तू खादं का रे तिना हातनं? खरं सांग." पोरगा रडकुंडीला आला. पडद्यावर खिचडी वाढणं चालूच होतं आणि खोलीतली निम्मी डोकी आमच्याकडे वळली होती.

सुमन उठली नाही. बसल्या जागेवरून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नही. मना नही शे तो हात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चाचा, खोटं नका बोलू." गावाच्या भीतीने म्हणाली की माझी भीक नको म्हणून, ते मला आजही ठरवता येत नाही. तिने आपला उजवा हात पूनमच्या मांडीवर ठेवला. "तो रंगना शे. मना हात हाऊ शे."

पूनमने हात उचलला, डागावरून बोट फिरवलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा हाताकडे बघितलं. तिला राग आला नव्हता. तिला कळत नव्हतं. शाळेत बाईंना विचारावं तसं, स्वच्छ मोठ्या आवाजात तिने विचारलं, "मंग तुना हात व्हता ना आठे, तुनाच कसाले नही ल्हिदा?"

निखिलने ऐकलं. नानांनी ऐकलं. पोराला जवळ धरून बसलेल्या बाईने ऐकलं. पूनम पाळीपाळीने एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि माझी पाळी आली तेव्हा मी पडद्याकडे पाहू लागलो.